घोघल्याचा निळा ध्वज

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेले ऊना हे गाव श्वेतांबर जैनांना वेगळ्याच कारणाने परिचित आहे. अकबर बादशहाला अहिंसेचा उपदेश करणारे जगद्गुरू हीरविजयसूरी इ. स. 1595 मध्ये येथे कालधर्म पावले. त्यांची समाधी गावालगतच्या शाहबागेत आहे. पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या बंद ठेवण्याचे फर्मान त्यांच्या उपदेशामुळे निघाले, हे पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. फतेहपूर सिक्रीजवळच्या सरोवरातील मासेमारीही त्यांच्याच शब्दाखातर थांबली, असे जैन ग्रंथ सांगतात. पाण्यातल्या जिवांसाठी बादशहाकडे रदबदली करणाऱ्या आचार्यांनी अखेरचा श्वास समुद्रापासून काही कोसांवर घ्यावा, हा योगायोग खराच.

ऊन्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अजाहरा पार्श्वनाथाचे तीर्थ आहे. तेथली कथा तर थेट समुद्रातूनच वर येते. रत्नसार नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज वादळात सापडले, त्याला समुद्राच्या तळाशी असलेल्या प्रतिमेचा दृष्टांत झाला, प्रतिमा वर काढताच वादळ शमले. पुढे तिच्या न्हवणजलाने राजा अजयपाल व्याधिमुक्त झाला, अशी परंपरा आहे. पालिताणा आणि गिरनार करून येणारे पुण्या-सोलापूरचे, नगर-नाशिकचे संघ अजाहरा, ऊना, देलवाडा ही लहान पंचतीर्थी करतात. पूजा होते, भोजनशाळेतली पंगत उठते, थोरली माणसे धर्मशाळेच्या ओसरीवर टेकतात. मग बसचा चालक सहज सांगून टाकतो की दीव येथून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. मुलांच्या कानांना एवढेच पुरते.

देलवाड्याकडून दक्षिणेला निघालेली सडक अहमदपूर मांडवीच्या नाक्यावर गुजरातची हद्द सोडते आणि लगेच घोघला लागते. दीव बेट खाडीच्या पलीकडे. घोघला मात्र दीवच्या प्रशासनाखाली असूनही मुख्य भूमीवरच आहे. मूळचे हे मच्छीमारांचे गाव. पुलावरून खाडी ओलांडली की पोर्तुगिजांनी 1535 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, चर्च आणि जुन्या बाजाराच्या अरुंद गल्ल्या दिसू लागतात. प्रवाशांची गर्दी तिकडे धावते. घोघल्याची पुळण मात्र पुलाच्या अलीकडेच, सडकेच्या डाव्या हाताला, लांबवर पसरलेली आहे. त्या पुळणीवर एक निळा ध्वज असतो. त्याच्याकडे बहुतेकांची पाठ असते, कारण छायाचित्र काढताना तोंड समुद्राकडे करायचे असते.

हा ध्वज म्हणजे ‘ब्लू फ्लॅग’. समुद्रकिनाऱ्याची स्वच्छता, पाण्याची शुद्धता आणि स्नान करणाऱ्यांची सुरक्षितता तपासून दिले जाणारे हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. त्याचा प्रारंभ 1985 मध्ये फ्रान्समध्ये झाला. सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या आणि स्नानाचे पाणी शुद्ध राखणाऱ्या किनाऱ्यावरील गावांना तेव्हा हा मान मिळाला. 1987 हे युरोपात पर्यावरण वर्ष म्हणून पाळले गेले आणि त्या वर्षी ही पद्धत दहा देशांत पोहोचली. पुढे 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रूपाने तिने युरोपची वेस ओलांडली. आज तिचा कारभार कोपनहेगन येथील ‘फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन’ ही संस्था पाहते. भारतात ऑक्टोबर 2020 मध्ये एकदम आठ किनाऱ्यांना हे मानांकन मिळाले. द्वारकेजवळचे शिवराजपूर, दीवचे घोघला, कर्नाटकातील कासरकोड व पडुबिद्री, केरळातील कप्पड, आंध्रातील ऋषिकोंडा, पुरीचा गोल्डन बीच आणि अंदमानातील राधानगर ही ती आठ नावे. पुढच्या दोन वर्षांत तामिळनाडूतील कोवलम, पुदुच्चेरीचा ईडन आणि लक्षद्वीपमधील मिनिकॉय व कदमत यांची भर पडली.

हे प्रमाणपत्र म्हणजे बक्षीस नव्हे, ही गोष्ट वृत्तपत्रांतील अभिनंदनाच्या मथळ्यांत हरवून जाते. बक्षीस एकदा मिळाले की मिळाले. ते दिवाणखान्यात काचेच्या कपाटात राहते. ब्लू फ्लॅग एका हंगामापुरता असतो. पुढच्या हंगामासाठी नव्याने अर्ज, नव्याने पाण्याचे नमुने, नव्याने छाननी. आधी देशातील परीक्षक मंडळाकडून आणि मग आंतरराष्ट्रीय मंडळाकडून. हंगाम चालू असताना पूर्वसूचना न देता तपासनीस येऊ शकतो. व्यापारी कुटुंबांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. बँकेकडून कॅश क्रेडिटची सवलत घेणाऱ्या प्रत्येक पेढीला दरमहा मालसाठ्याचे विवरणपत्र द्यावे लागते, वर्षाअखेरीस मर्यादेचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, आणि एखाद्या दुपारी बँकेचा अधिकारी गोदामात येऊन पोती मोजू लागला तर त्याला चहा विचारण्यापलीकडे काही करता येत नाही. मंजुरीपत्र चौकटीत लावून कोणी निश्चिंत बसत नाही. किनाऱ्याच्या ध्वजाचे तंत्र हेच आहे.

विशाखापट्टणमच्या ऋषिकोंडा किनाऱ्यावर 2025 च्या आरंभी याचा प्रत्यय आला. किनाऱ्यावरील अस्वच्छता, मोकाट कुत्री आणि देखभालीतील हयगय यांच्या तक्रारी छायाचित्रांसह थेट संस्थेपर्यंत गेल्या आणि ध्वज उतरवावा लागला. प्रशासनाने धावपळ करून त्रुटी दूर केल्यावर काही आठवड्यांनी तो परत मिळाला. काहींनी याला नामुष्की म्हटले. वास्तविक जे प्रमाणपत्र कधीच काढून घेतले जात नाही, त्याची किंमत काय असते हे बाजारात वावरणारा माणूस जाणतो.

एकूण निकष 33 आहेत. पर्यावरणाविषयीची माहिती व शिक्षण, पाण्याची प्रत, किनाऱ्याची व्यवस्था आणि सुरक्षितता व सोयी अशा चार गटांत ते वाटलेले आहेत. ते सगळे येथे उलगडण्यात अर्थ नाही. कचरापेट्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार या गोष्टी नावावरूनच कळतात. पाण्याचा निकष मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

समुद्राचे पाणी निळे आणि नितळ दिसते म्हणून ते शुद्ध असते असे नाही. मनुष्याच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत राहणारे काही जिवाणू पाण्यात आढळले, तर त्या पाण्यात कोठून तरी मैला मिसळत आहे असा त्याचा अर्थ होतो. ब्लू फ्लॅगसाठी अशा दोन जिवाणूंची मोजदाद होते. समुद्राच्या 100 मिलिलिटर पाण्यात ‘ई. कोलाय’ची संख्या 250 च्या आणि ‘एन्टेरोकोकाय’ची 100 च्या आत असावी लागते. एखाददुसऱ्या चांगल्या नमुन्याने काम भागत नाही. ठरावीक अंतराने घेतलेल्या अनेक नमुन्यांवरून हिशेब मांडला जातो आणि शंभरांतील पंच्याण्णव वेळा पाणी या मर्यादेत राहील असे त्यातून दिसावे लागते. हंगामात किमान पाच नमुने घ्यायचे, दोन नमुन्यांत महिन्याहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही आणि पहिला नमुना हंगाम सुरू होण्यापूर्वीच घ्यायचा, असा दंडक आहे. किनाऱ्याच्या परिसरात कारखान्याचे वा गावाचे सांडपाणी सोडलेले चालत नाही. म्हणजे पुळण झाडून घेतली आणि दोन बाके रंगवली की ध्वज मिळेल, अशी सोय येथे नाही. गटारे कोठे जातात, हा प्रश्न गावाला स्वतःला विचारावाच लागतो. भारतातील बहुतेक किनारी गावांचे घोडे नेमके येथे अडते.

मिळालेले निष्कर्ष किनाऱ्यावरील फलकावर लावणे बंधनकारक आहे. त्याच फलकावर प्रमाणित पट्ट्याचा नकाशा असतो, वर्तनाचे नियम असतात, जीवरक्षकांची वेळ असते. सोने घेताना हॉलमार्क निरखून पाहणारी माणसे या फलकासमोरून न थांबता पुढे जातात. फलकावर शेवटच्या नमुन्याची तारीख शोधावी. ती ताजी असेल तर व्यवस्था जागी आहे. ती फार जुनी असेल, किंवा फलक उन्हाने वाचता येऊ नये इतका उडालेला असेल, तर वर ध्वज फडकत असला तरी मनात शंका धरायला हरकत नाही.

नकाशाही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रमाणपत्र गावाला मिळत नाही, संपूर्ण किनाऱ्यालाही नाही. ते आखून दिलेल्या एका पट्ट्याला मिळते. घोघल्याची वाळू पूर्वेकडे सरळ अहमदपूर मांडवीच्या किनाऱ्याला जाऊन मिळते. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. चालणाऱ्याच्या पायांना एकाच पुळणीवर केंद्रशासित प्रदेश संपून गुजरात केव्हा सुरू झाला हे कळतही नाही. परंतु जीवरक्षकाची नजर, पाण्याची तपासणी आणि कचरा उचलणारे हात हे सारे नकाशावरच्या रेषेपर्यंतच बांधील असतात. दीवला जाणारी मंडळी ‘आम्ही ब्लू फ्लॅगवाल्या बीचवर गेलो होतो’ असे सांगतात, तेव्हा प्रत्यक्षात ती त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पाण्यात उतरली होती, हे बहुधा त्यांना सांगता येणार नाही.

रेषेचा हा मुद्दा कोरडा वाटू शकेल. पण 1 फेब्रुवारी 2016 या दिवशी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. थंडीचे दिवस होते, सोबत शिक्षक होते, दुपारची वेळ होती. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, अलिबाग या नावांबरोबर अशा बातम्या दर वर्षी येत राहतात, आणि त्यांतली बहुसंख्य माणसे घाटावरची असतात. विहिरीत किंवा तरणतलावात पोहायला शिकलेला मुलगा समुद्राला मोठा तलाव समजतो. ओहोटीची ओढ त्याला माहीत नसते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जाताना कधी कधी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत धावते; वरून पाहणाऱ्याला तेथे लाटा कमी दिसतात आणि म्हणून तीच जागा सुरक्षित वाटते. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारत राहतो आणि दमतो. वास्तविक त्याने किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद वाटेच्या बाहेर पडायला हवे. ही एक गोष्ट शाळांतून शिकवली गेली असती तर कित्येक घरांतले दिवे विझले नसते.

ब्लू फ्लॅगच्या पट्ट्यात जीवरक्षक किंवा बचावाची साधने असणे सक्तीचे आहे. लाल-पिवळ्या ध्वजांच्या मधल्या जागेवर जीवरक्षकांचे लक्ष असते; स्नान करायचे तर तेथेच. नुसता पिवळा ध्वज सावधानतेचा, लाल ध्वज पाण्यात न उतरण्याचा. हे लहान ध्वज मोठ्या निळ्या ध्वजापेक्षा रोजच्या व्यवहारात अधिक मोलाचे आहेत, कारण निळा ध्वज हंगामाचे सांगतो आणि हे त्या घटकेचे. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा दीवचे प्रशासन पाण्यात उतरण्यास बंदी घालते. तेव्हा मानांकनाचा दाखला देऊन जीवरक्षकाशी वाद घालणारे महाभागही निघतात.

आणखी एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही. शनिवार-रविवारी नाक्यावर लागणाऱ्या मोटारींच्या रांगांतील सगळेच किल्ला पाहायला आलेले नसतात. वाळूत रुतलेली बाटलीची काच आणि मद्याच्या अमलाखाली पाण्यात उतरलेला तरुण, या दोन्ही गोष्टी किनाऱ्याच्या व्यवस्थापकाची झोप उडवणाऱ्या आहेत. दीवला पर्यटनाचा पैसा ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने त्याच्या ध्वजाला धोकाही येतो. संघाच्या बसगाड्यांनी येणारी, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणारी कुटुंबे या प्रदेशाच्या मिळकतीत फार मोठी भर घालत नसतील; पण अशा कुटुंबांना येथे मोकळेपणाने बसता येते की नाही, ही किनाऱ्याच्या कारभाराची चांगली परीक्षा आहे.

जैन घरांत समुद्रस्नानाविषयी एकमत नसते, हेही खरे. पाणी स्वतःच जीवमय आहे, अप्काय जीवांची विराधना निष्कारण करू नये, असे मानणारी आजी पाण्यापासून हातभर दूर बसते आणि नातवंडे गुडघाभर पाण्यात धिंगाणा घालतात. मधल्या पिढीचे लक्ष दोन्हीकडे. असे दृश्य प्रत्येक यात्रेत दिसते आणि त्यावर तोडगा काढण्याच्या भरीस कोणी पडत नाही. अशा आजीच्या सोयीचाही विचार निकषांत आहे, हे सांगितले तर तिला नवल वाटेल. स्वच्छ प्रसाधनगृह आणि चाकाच्या खुर्चीला जाता येईल अशी वाट या गोष्टी तेथे ऐच्छिक शोभेच्या मानलेल्या नाहीत. उकळलेले पाणी ती स्वतःच्या बाटलीत घेऊन आलेली असते, तेव्हा तो प्रश्न उद्भवत नाही.

एका निकषापाशी मात्र तिचे आणि कोपनहेगनचे चांगलेच जुळावे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले शेवाळ आणि इतर नैसर्गिक पदार्थ, उपद्रव होत नसेल तर, तेथेच राहू द्यावेत असा नियम आहे. कारण त्या ओलसर पुंजक्यांत बारीक खेकडे, किडे, पिसवांसारखे उड्या मारणारे जीव राहतात, आणि त्यांच्यावर पक्षी जगतात. प्लॅस्टिक उचलायचे, शेवाळ ठेवायचे. स्वच्छता म्हणजे गुळगुळीत, रिकामी वाळू अशी समजूत असलेल्या पर्यटकाला हे पटत नाही आणि तो घाण असल्याची तक्रार करतो. साधूंच्या पाच समित्यांतील शेवटची उत्सर्ग समिती. टाकायची वस्तू कोठे टाकायची, ती जागा आधी निरखायची, तेथे जीव नाही ना हे पाहायचे, असा तिचा आशय आहे. श्रावकाने जयणा पाळावी असे म्हणतात ती याच अर्थाने. नाश्त्याचा कागद वाऱ्यावर सोडणारे हात सकाळी पूजेत वासक्षेप करून आलेले असतात, हे पाहिले की उपदेश ऐकण्याची सवय आणि आचरणाची सवय या दोन निराळ्या खात्यांत जमा होतात असे म्हणावे लागते. मुलांनी पिशवीभर शंख-शिंपले घरी नेण्याविषयीही थोरांनी बोलायला हरकत नाही. त्यांतले काही अजून कोणाचे तरी घर असतात.

दीवच्या बाजाराला प्रमाणाची आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाची भाषा नवी नाही. पोर्तुगिजांनी 1686 मध्ये दीवच्या महाजनांच्या कंपनीला दीव आणि मोझांबिक यांमधील व्यापाराचा मक्ता दिला आणि तो 1777 पर्यंत चालला. हे महाजन म्हणजे गुजराती वाणी, हिंदू आणि जैन दोन्ही. गुजरातेत विणलेले कापड ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवीत. तिकडच्या ग्राहकाला कोणता रंग, कोणती किनार, किती लांबीचे ठाण हवे, हे वर्षागणिक बदलत असे आणि चुकीचा माल गेला तर तो वखारीत पडून राही. म्हणून परतणाऱ्या जहाजाबरोबर पुढच्या हंगामाचे नमुने आणि सूचना येत आणि त्यांबरहुकूम विणकरांना काम मिळे. परतीच्या त्याच जहाजांतून हस्तिदंतही येई. अहिंसाधर्मी पेढ्यांच्या वह्यांत त्याची जमा कोणत्या मनाने होत असेल, हा प्रश्न अवघड आहे आणि समाजाच्या इतिहासलेखनाने तो टाळला आहे. व्यापाराने आणलेल्या संपत्तीबरोबर तिचा उगमही पाहावा लागतो, मग तो माल हस्तिदंत असो की पर्यटन.

पर्यटनाची भरभराट करताना किनाऱ्यावर बांधकाम किती करायचे, हा आजचा कळीचा प्रश्न आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार भरतीरेषेजवळ बांधकामाला कडक मज्जाव असतो. ब्लू फ्लॅगसाठी स्वच्छतागृहे, सांडपाण्याची छोटी प्रक्रिया यंत्रे, सौर पटले हे सारे तर हवे. म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये निवडलेल्या किनाऱ्यांपुरती सवलत दिली आणि भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर राखून अशा सोयींना परवानगी दिली. हेतू चांगला होता. तरीही किनारा वाचवण्याच्या प्रमाणपत्रासाठी किनारा वाचवण्याचा नियम शिथिल करावा लागला, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. आज प्रसाधनगृहाला मिळालेली सवलत उद्या उपाहारगृह मागणार नाही कशावरून? बँकेत एका खातेदाराला अपवाद म्हणून दिलेली सूट पुढच्या वर्षी दहा जण हक्काने मागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आणि ज्यांच्या होड्या व जाळी पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवर सुकत आली, त्यांना आखलेल्या पट्ट्यात पूर्वीइतकी जागा राहते का, हेही कोणीतरी मोजले पाहिजे. 33 निकषांच्या कोष्टकात मच्छीमाराच्या जाळ्याला रकाना दिसत नाही.

दीवच्या बाजूने सांगायचे तर या छोट्या जिल्ह्याने काही गोष्टी मन लावून केल्या आहेत. दिवसाची विजेची गरज सौर ऊर्जेवर भागवणारा जिल्हा म्हणून त्याचे नाव झाले. मे 2025 मध्ये पहिल्या ‘खेलो इंडिया बीच गेम्स’ घोघल्याच्याच वाळूवर भरल्या आणि देशभरातील खेळाडू तेथे आले. प्रदेश लहान असला की अधिकाऱ्याला किनारा पायी फिरून पाहता येतो, हा एक मोठाच फायदा आहे.

महाराष्ट्राचा 720 किलोमीटरचा किनारा या शर्यतीत मागे राहिला होता. निवडलेल्या पहिल्या 13 किनाऱ्यांत सिंधुदुर्गातील भोगवे आणि गोव्याचे मिरामार यांची नावे होती; ऑक्टोबर 2020 च्या आठांत दोन्ही नव्हती. पुढे 2025 मध्ये डहाणूचे पारनाका, रायगडमधील श्रीवर्धन व नागाव आणि रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर व लाडघर या पाच किनाऱ्यांना मानांकन मिळाल्याची घोषणा झाली. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना आता सौराष्ट्रापर्यंत जावे लागणार नाही. श्रीवर्धन किंवा नागावच्या निवासांत दिवाळीच्या सुटीची नोंदणी करताना खोलीचे भाडे, वातानुकूलन आणि जैन जेवणाची सोय विचारली जाते. त्याच दूरध्वनीवर आणखी दोन प्रश्न विचारता येतील: जीवरक्षक किती ते किती असतात, आणि प्रमाणित पट्टा निवासापासून किती दूर आहे. उत्तर माहीत नसलेला निवासमालक दहा ग्राहकांनी तेच विचारल्यावर माहिती करून घेईल. बाजार असाच शिकतो. परिपत्रकाने नव्हे, गिऱ्हाइकाने विचारल्याने.

घोघल्याचा वर्षक्रम आणि यात्रेकरूंचा वर्षक्रम एकमेकांत सहज बसतात. आषाढात चातुर्मास लागला की साधु-साध्वी स्थिर होतात, शत्रुंजयाची चढण थांबते, संघ निघत नाहीत. त्याच सुमारास समुद्रही माणसांना बंद होतो. कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याची यात्रा पुन्हा खुली होते. मग पालिताण्याहून गिरनार आणि गिरनारहून ऊना अशा बसगाड्या धावू लागतात. तोवर घोघल्याच्या किनाऱ्यावरून पाण्याच्या बाटल्या भरून, तारीख आणि वेळ लिहून, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे गेलेल्या असतात.